गोल चित्र आणि सरळ रेघ

वृत्तालेख शिकवताना आपण बहुतेक वेळा कुटुंबाच्या मासिक खर्चाचे उदाहरण घेतो. धान्य, शिक्षण, औषधपाणी, प्रवास, बचत. एकूण खर्च म्हणजे ३६० अंश, आणि ज्या बाबीवर जितका खर्च तितका तिच्या वर्तुळपाकळीचा कोन. या चित्रात औषधपाण्याची पाकळी शिक्षणाशेजारी काढली काय किंवा धान्याशेजारी काढली काय, काही बिघडत नाही. कोणाशेजारी कोण, या प्रश्नाला तिथे अर्थच नसतो. कोणाचा वाटा किती, एवढेच वृत्तालेख सांगतो आणि ते चांगले सांगतो.

आता दुसरे उदाहरण घेऊ. ओढ्याच्या काठाने एकापुढे एक अशी पाच शेते आहेत. पहिल्याचा बांध दुसऱ्याला लागून, दुसऱ्याचा तिसऱ्याला. एखाद्या विद्यार्थ्याने या शेतांचा वृत्तालेख काढून आणला तर आपण काय म्हणू? क्षेत्रफळांचे प्रमाण बरोबर असेल. पण दुसऱ्या शेताच्या मालकाला शेत वाढवायचे असेल तर त्याने कोणाशी बोलावे, हे ठरवायला ते चित्र भरवशाचे नाही. शिवाय वर्तुळ पूर्ण झाले की पाचवे शेत पहिल्याला येऊन चिकटते. प्रत्यक्षात त्या दोघांमध्ये तीन शेते आहेत!

नेमके असेच चित्र एका नामांकित प्रोग्रॅममध्ये वापरलेले आहे. ॲपल कंपनीच्या मॅक संगणकात 'डिस्क युटिलिटी' नावाचा प्रोग्रॅम असतो. डिस्क तपासणे, पुसणे, तिचे भाग पाडणे आणि त्या भागांचे आकार बदलणे ही कामे त्यातून होतात. २०१५ साली आलेल्या 'एल कॅपिटन' या आवृत्तीत भाग पाडण्याच्या पडद्यावर वृत्तालेख आला. या लेखात त्या एका पडद्याचे परीक्षण करायचे आहे. विषय छोटा वाटेल. पण चुकीचे चित्र पाहून केलेल्या एका क्लिकने कित्येक वर्षांचे काम पुसले जाऊ शकते. आणि चित्र बरोबर असूनही दिशाभूल कशी करते, हा प्रश्न तर आपल्या रोजच्या कामातला आहे.

बाहेरच्या डिस्कवरून संगणक सुरू करणे

संगणक सुरू होताना कार्यप्रणाली आतल्याच डिस्कवरून घ्यावी असा नियम नाही. मॅकला केबलने जोडलेल्या डिस्कवर कार्यप्रणाली बसवली तर तिच्यावरूनही तो सुरू होतो. इंटेल प्रोसेसर असलेल्या मॅकवर सुरुवातीला ऑप्शन ही कळ दाबून धरली, किंवा २०२० पासून आलेल्या ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकवर चालू करण्याचे बटणच दाबून धरले, की उपलब्ध डिस्कची यादी समोर येते. ज्या इंटेल मॅकमध्ये टी२ ही सुरक्षा चिप आहे, तिथे बाहेरच्या डिस्कला आधी परवानगी द्यावी लागते.

असे करण्यामागे साधी कारणे असतात. जुन्या मॅकमधली फिरती डिस्क मंद झालेली असते आणि बाहेरून जोडलेली एसएसडी डिस्क तिच्यापेक्षा बरीच वेगवान असते. किंवा जुने ३२-बिट प्रोग्रॅम चालवायचे असतात. २०१८ सालची 'मोहावे' ही असे प्रोग्रॅम चालवणारी शेवटची आवृत्ती. २०१९ च्या 'कॅटालिना'ने ते बंद केले. ज्याच्याकडे वर्गासाठी जमवलेले जुने प्रोग्रॅम आहेत, तो जुनी प्रणाली बाहेरच्या डिस्कवर जपून ठेवतो.

समजा, अशा एका १००० जीबीच्या डिस्कचे तीन भाग, म्हणजे तीन पार्टिशन, केले आहेत. पहिले ३०० जीबीचे, त्यात मोहावे. दुसरे २०० जीबीचे, त्यात नवी प्रणाली. तिसरे ५०० जीबीचे, त्यात छायाचित्रे, चित्रफिती आणि धड्यांची टिपणे. तिसरे पार्टिशन जुन्या मॅकलाही वाचता यावे म्हणून १९९८ पासून चालत आलेल्या एचएफएस प्लस पद्धतीने आखले आहे. वर्षभरात दुसरे पार्टिशन गच्च भरले. तिसऱ्यात मात्र १०० जीबीच वापरले गेले आहेत, ४०० जीबी रिकामे आहेत. आता तिसऱ्यातली रिकामी जागा दुसऱ्याला कशी द्यायची?

एक मीटरची पट्टी

वृत्तालेख पाहण्याआधी एक कृती करू. कागदाची एक मीटर लांब पट्टी घ्या. एक सेंटिमीटर म्हणजे १० जीबी असे प्रमाण धरा. डावीकडून ३० सेंमी, मग २० सेंमी, मग ५० सेंमी अशा खुणा करा. ही आपली डिस्क.

कोणी म्हणेल, फिरती डिस्क तर गोल असते, मग गोल चित्रात वाईट काय? शंका रास्त आहे. पण संगणकाच्या दृष्टीने डिस्क म्हणजे शून्यापासून क्रमांक दिलेल्या कप्प्यांची एक लांब रांग असते. गोल तबकडीवर ही रांग सर्वसाधारणपणे बाहेरच्या कडेकडून आतल्या बाजूला जाते. म्हणून खऱ्या तबकडीवर पार्टिशन पाहता आली असती, तर ती केकच्या तुकड्यांसारखी दिसली नसती. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखी, एकात एक कडी अशी दिसली असती. एसएसडीमध्ये तर फिरणारे काहीच नसते. तेव्हा पाकळ्यांचे चित्र तबकडीच्या खऱ्या रचनेशीही जुळत नाही.

कोणते पार्टिशन कोणत्या क्रमांकाच्या कप्प्यापासून कोणत्या कप्प्यापर्यंत, याची नोंद डिस्कच्या सुरुवातीलाच एका तक्त्यात असते. शेतीच्या भाषेत हा डिस्कचा सातबारा. इंटेल मॅकपासून वापरात असलेल्या 'जीपीटी' पद्धतीत या तक्त्यात सहसा १२८ नोंदींची जागा असते आणि प्रत्येक नोंद १२८ बाइटची असते. गुणाकार करा: १६,३८४ बाइट. आपल्या एक मीटरच्या पट्टीवर एवढ्या नोंदवहीला किती लांबी मिळेल? सुमारे १६ नॅनोमीटर. पट्टीच्या कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर धरली तर तिचा साधारण सहा हजारावा भाग! १००० जीबीच्या मालमत्तेचे बांध एवढ्याशा जागेत लिहिलेले असतात. म्हणूनच या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. पार्टिशन काढून टाकले की सामान्यतः त्यातली माहिती लगेच खरवडली जात नाही, आधी उताऱ्यावरची नोंद जाते. पीक उभेच असते, पण ते कोणाचे आणि कुठपर्यंतचे हे सांगणारा कागद उरत नाही. त्या जागेवर नवे काही लिहिले की मात्र पीकही जाते. एसएसडीमध्ये तर रिकाम्या ठरलेल्या जागा डिस्क स्वतःच साफ करू शकते, त्यामुळे तिथे 'उभ्या पिका'च्या भरवशावर राहू नये.

सुरुवात का हलत नाही?

आता मूळ प्रश्न. पार्टिशनचा आकार बदलताना त्याचा शेवट सरकवता येतो, सुरुवात नाही. असे का? फाइल कुठे आहे याची नोंद 'पार्टिशनच्या सुरुवातीपासून अमुकावा कप्पा' अशी असते. गावच्या वेशीपासून घरांना क्रमांक दिलेत असे समजा. गावाच्या शेवटी चार घरे वाढली तर कोणाचाही क्रमांक बदलत नाही. वेसच मागे सरकवली तर सगळ्या गावाचे पत्ते चुकतात. ते दुरुस्त करायचे तर सारी माहिती उचलून नव्या सुरुवातीपासून पुन्हा मांडावी लागेल. लिनक्सवरचे 'जीपार्टेड' अनेक फाइल-पद्धतींसाठी हे काम करते. पण त्याला तासन्‌तास लागू शकतात आणि मध्येच वीज गेली किंवा केबल निघाली तर अर्धे गाव जुन्या जागी आणि अर्धे नव्या जागी राहते. डिस्क युटिलिटी या वाटेला जात नाही. हा संयम योग्य आहे.

शेवट सरकवण्याचाही एक क्रम असतो. पार्टिशन लहान करताना आधी शेपटाकडची माहिती आत हलवायची, मग फाइल-पद्धतीने 'माझी हद्द इथपर्यंत' अशी नोंद करायची आणि शेवटी तक्त्यातला बांध आत घ्यायचा. मोठे करताना याच्या उलट: आधी बांध बाहेर, मग फाइल-पद्धत त्या हद्दीपर्यंत पसरते. सूत्र एकच, कोणत्याही क्षणी पीक बांधाच्या आत असले पाहिजे. मुलांना दोन्ही क्रम न सांगता हे सूत्रच द्यावे आणि क्रम त्यांना शोधू द्यावेत.

आता आपल्या पट्टीवर तिसरे पार्टिशन लहान करून पाहा. शेवट आत घ्यायचा, म्हणजे ५० सेंमीचे १५ सेंमी करा. ३५ सेंमी मोकळे झाले. पण कुठे? पट्टीच्या उजव्या टोकाला. गरज आहे दुसऱ्याला आणि त्याच्या शेवटाला तर तिसरे पार्टिशन जागच्या जागी चिकटून आहे. मोकळी जागा दुसऱ्याच्या उपयोगाची नाही. पट्टीवर हे क्षणात दिसते.

तेच वर्तुळात पाहू

हेच वृत्तालेखात मांडा. सुरुवातीला १०८, ७२ आणि १८० अंशांच्या तीन पाकळ्या. तिसरी ५४ अंशांची केली की उरलेल्या १२६ अंशांची रिकामी पाकळी तयार होते. ती कोणाला लागून आहे? एका बाजूला तिसरीला आणि दुसऱ्या बाजूला, वर्तुळ पूर्ण होत असल्यामुळे, पहिलीला! पाहणाऱ्याला सहज वाटेल की पहिल्या पार्टिशनला ही जागा देता येईल. खरे तर ती डिस्कच्या दुसऱ्या टोकाला आहे. रेघेला दोन टोके असतात, वर्तुळाला नसतात. रेघ वाकवून वर्तुळ केले की पहिला आणि शेवटचा यांच्यात एक खोटा शेजार निर्माण होतो.

दुसरा दोष असा की पाकळीच्या दोन्ही कडा सारख्याच दिसतात. कोणती कड म्हणजे सुरुवात आणि कोणती म्हणजे शेवट, हे चित्र बघून कळत नाही. आणि आपले सगळे काम तर या फरकावरच अवलंबून आहे.

ॲपलच्या मदत-पुस्तिकेत लेखी सूचना बरोबर आहे. पार्टिशन मोठे करायचे तर डिस्कवर त्याच्यानंतर येणारे पार्टिशन काढून टाकावे लागते आणि मग मोठे करायच्या पार्टिशनचा शेवट मोकळ्या जागेत न्यावा लागतो, असा तिचा आशय आहे. 'नंतर' आणि 'शेवट' हे दोन्ही शब्द रेघेचे आहेत आणि शेजारी चित्र आहे वर्तुळाचे. धड्यात एक आणि आकृतीत दुसरे असे झाले की विद्यार्थी कोणावर विश्वास ठेवतो? आपला अनुभव सांगतो की आकृतीवर.

वाईट याचे वाटते की हे चित्र आधी बरोबर होते. २०१४ च्या 'योसेमिटी' आवृत्तीपर्यंत याच प्रोग्रॅममध्ये एक उभी पट्टी असे. पार्टिशन एकाखाली एक रचलेली आणि मधली दुभाजक रेघ माउसने ओढता येई. विंडोजचा डिस्क व्यवस्थापनाचा पडदा आणि जीपार्टेडही आडवी पट्टीच दाखवतात. आणखी गंमत म्हणजे २०१५ च्या नव्या रूपात डिस्क किती भरली हे सांगायला आडवी पट्टी ठेवली. म्हणजे जिथे 'किती' एवढाच प्रश्न होता तिथे रेघ, आणि जिथे 'कुठे' हा प्रश्न होता तिथे वर्तुळ!

एक कोडे

मघाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. दुसरी रिकामी डिस्क हाताशी असेल तर तिसऱ्यातले १०० जीबी तिच्यावर नेऊन तिसरे काढून टाकता येईल. पण दुसरी डिस्क न वापरता दुसरे पार्टिशन मोठे करता येईल का? पुढे वाचण्याआधी पट्टीवर प्रयत्न करा.

उत्तर असे. तिसरे १५० जीबीचे करा. उजव्या टोकाला ३५० जीबी मोकळे होतात, तिथे चौथे पार्टिशन आखा. तिसऱ्यातले १०० जीबी चौथ्यात उतरवा आणि उघडून तपासा. मग तिसरे काढून टाका. आता १५० जीबीची मोकळी जागा नेमकी दुसऱ्याच्या शेवटाला लागून आली. दुसरे ३५० जीबीचे करा. ३०० अधिक ३५० अधिक ३५०, बेरीज १०००.

सहावी-सातवीतले मूलही कागदाच्या पट्टीवर हे शोधून काढू शकते. वृत्तालेखासमोर बसलेल्या मोठ्या माणसाला ते सुचणे कठीण, कारण त्याच्या चित्रात कोड्याचा मुख्य भाग, म्हणजे क्रम, नीट दिसतच नाही. चांगली आकृती प्रश्न सोडवण्यात मदत करते असे आपण म्हणतो, त्याचा अर्थ हाच. आणि हो, कोडे सुटले तरी प्रत्यक्ष डिस्कवर हात घालण्याआधी महत्त्वाच्या गोष्टींची प्रत दुसरीकडे हवीच. कागद फाटला तर दुसरा घेता येतो.

सामाईक कोठार

या प्रोग्रॅमच्या बाजूनेही बोलायला हवे. २०१७ च्या 'हाय सिएरा'पासून मॅकवर एपीएफएस ही नवी फाइल-पद्धत आली. तिच्यात पार्टिशनच्या आत एक 'कंटेनर' असतो आणि त्यात अनेक व्हॉल्यूम राहतात. व्हॉल्यूम म्हणजे पडद्यावर वेगळ्या डिस्कसारखा दिसणारा साठा. या व्हॉल्यूममध्ये बांध नसतात. एकत्र कुटुंबाच्या कोठारासारखी रिकामी जागा सामाईक असते, ज्याला जेव्हा लागेल तेव्हा तो घेतो. हवे तर एखाद्यासाठी किमान जागा राखून ठेवता येते किंवा कमाल मर्यादा घालता येते. मोहावे आणि नवी प्रणाली दोन्ही एपीएफएस वापरतात. त्यांना सुरुवातीपासून एकाच कंटेनरमध्ये वेगळे व्हॉल्यूम दिले असते, तर आपल्या उदाहरणातला प्रश्न बहुधा उद्भवलाच नसता.

डिस्क युटिलिटी हे जाणते. एपीएफएस डिस्कवर नवे पार्टिशन करायला गेलात तर ती आधी विचारते, पार्टिशन हवे आहे की कंटेनरमध्ये व्हॉल्यूम वाढवला तर चालेल? हा प्रश्न विचारणे ही या प्रोग्रॅममधली शहाणपणाची जागा आहे. चुकीची वाट धरण्याआधी थांबवून दुसरी वाट दाखवणे, हे चांगल्या शिक्षकाचे काम आहे.

पण या नव्या पद्धतीमुळे पार्टिशन संपली असे नाही. जुन्या मॅकला किंवा विंडोजच्या संगणकाला वाचता यावा असा भाग ठेवायचा तर वेगळे पार्टिशन लागतेच. बांध जिथे उरले आहेत तिथे ते सरळ रेघेतच आहेत.

न दिसणारी भावंडे

दुसरा आक्षेप लपवाछपवीचा आहे. डिस्क युटिलिटी उघडली की डावीकडच्या यादीत नेहमीच्या मांडणीत फक्त व्हॉल्यूम दिसतात. मूळ डिस्क आणि कंटेनर पाहायचे तर 'व्ह्यू' मेनूतून सगळी उपकरणे दाखवा असे मुद्दाम सांगावे लागते. रोजच्या वापरासाठी हे सोयीचे आहे. पण आकार बदलायला बसलेल्या माणसाला कोण कोणाच्या पोटात आहे हे कळलेच पाहिजे.

ज्या डिस्कवरून संगणक सुरू होतो तिच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचे. कॅटालिनापासून कार्यप्रणाली आणि वापरणाऱ्याची माहिती हे दोन वेगळे व्हॉल्यूम असतात, पण ते जोडीने वागतात. त्यांच्याबरोबर सुरू होण्याच्या वेळी लागणारा प्रीबूट, दुरुस्तीसाठी रिकव्हरी असे छोटे व्हॉल्यूमही असतात. २०२० च्या 'बिग सर'पासून प्रणालीच्या व्हॉल्यूमवर अक्षरशः शिक्कामोर्तब असते. एक बाइट बदलला तरी शिक्का जुळत नाही. म्हणून अशी डिस्क नुसत्या फाइली ओढून दुसरीकडे नेता येत नाही. नव्या जागी प्रणाली पुन्हा बसवायची आणि मग आपली माहिती तिच्यात आणायची, हा सरळ मार्ग.

डिस्कच्या सुरुवातीला ईएफआय नावाचे आणखी एक छोटे पार्टिशन असते. ते २०९.७ एमबीचे दिसते. असा विचित्र आकडा का? २०० ला २ च्या २० व्या घाताने गुणा: २०,९७,१५,२०० बाइट. आखणाऱ्याने दोनच्या घातांत २०० एमबी दिले आणि दाखवणाऱ्याने दहाच्या घातांत मोजले. २००९ पासून मॅक दहाच्या घातांत मोजतो, विंडोज दोनच्या. म्हणूनच ५०० जीबीची डिस्क विंडोजवर सुमारे ४६५ जीबीची दिसते. आपल्या एक मीटरच्या पट्टीवर हे पार्टिशन दोन कागदांच्या जाडीएवढे आहे. मोकळी जागा वाढवण्याच्या नादात ते काढू नये.

ॲपल चिपच्या मॅकमध्ये तर आतल्या डिस्कवरही अशी दोन छोटी राखीव पार्टिशन असतात. बाहेरच्या डिस्कवरून सुरू होतानाही पहिली पायरी आतल्या साठ्यावरच घडते. आतला साठा पूर्ण बिघडला तर बाहेरच्या डिस्कवरून हा मॅक सुरू होत नाही. आणि ती राखीव पार्टिशन कोणी आज्ञा देऊन पुसली, तर दुसऱ्या मॅकची मदत घेऊनच तो उभा करावा लागतो. 'बाहेरची डिस्क आहे, काळजी नाही' असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कारण न सांगता नकार

तिसरा आक्षेप नकार देण्याच्या पद्धतीवर. समजा, एपीएफएस कंटेनर लहान करायचा आहे. ८० जीबीच्या चित्रफिती पुसल्या, कचरापेटी रिकामी केली, तरी कंटेनर हवा तितका लहान होत नाही. असे का? टाइम मशीन ही प्रत ठेवण्याची सोय चालू असेल तर ती ज्या डिस्कवरून संगणक सुरू झाला आहे तिचे साधारण तासातासाला 'स्नॅपशॉट' घेते आणि ते सुमारे २४ तास ठेवते. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणी कोणत्या कप्प्यात काय होते याची गोठवलेली यादी. आजच्या यादीतून चित्रफीत गेली, पण कालच्या यादीत ती आहे. जोवर एकाही यादीत नाव आहे, तोवर तो कप्पा रिकामा धरता येत नाही.

ही अडवणूक नाही, हे आपल्या भल्याचे आहे. चुकून पुसलेली फाइल यामुळेच परत मिळते. पण पडद्यावर मंद पडलेले बटण किंवा त्रोटक सूचना पाहून हे कोणाला कळणार? याच मॅकमध्ये 'डिस्कयुटिल' नावाची, आज्ञा टंकून वापरायची सोय आहे. तिला मर्यादा विचारली तर ती कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकार सांगते, आणि किमान मर्यादा फाइली व स्नॅपशॉट यांच्यामुळे आहे हेही सांगते. 'डिस्कयुटिल लिस्ट' ही साधी आज्ञा तर प्रत्येक पार्टिशन क्रमाने एकाखाली एक दाखवते. काळ्या-पांढऱ्या अक्षरांची ही यादी रंगीत वर्तुळापेक्षा जास्त खरी आहे. तेव्हा ज्ञान यंत्राजवळ होते, रंगीत पडद्याने ते पुढे पोचवले नाही.

एवढे कळायची गरज आहे का?

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. सामान्य माणसाला डिस्कची रचना कशाला कळायला हवी? गाडी चालवणाऱ्याला इंजिन कुठे समजते? उत्तरात तथ्य आहे. डिस्क युटिलिटी चुकीचा बांध सहसा घालू देत नाही, तिच्या आतले काम जबाबदारीने होते. रोज पत्रे लिहिणाऱ्याला जीपीटीचा तक्ता पाठ असण्याची गरज नाही.

पण गाडी चालवणाऱ्याला इंजिन समजत नसले तरी रस्त्याचा नकाशा बरोबर हवा. पार्टिशनचा पडदा उघडणारा माणूस नकाशा पाहायला आला आहे. त्याच्या पुढचा निर्णय आहे कोणते पार्टिशन काढून टाकायचे, आणि तो निर्णय मागे घेता येत नाही. अशा ठिकाणी सोपे चित्र आणि खरे चित्र यांत निवड करायची वेळ आली तर खरेच चित्र निवडायला हवे. इथे तर सरळ पट्टी वर्तुळापेक्षा अवघडही नव्हती. ती जुनी होती, एवढेच.

आपल्या वर्गांतही असे होते. फळ्यावर रंगीत वर्तुळ छान दिसते, स्तंभालेख रूक्ष वाटतो, म्हणून आपण वर्तुळ काढतो. विल्यम प्लेफेअरने १८०१ साली वृत्तालेख छापला तेव्हापासून त्याचे आकर्षण कमी झालेले नाही. आलेख शिकवताना तो कसा काढायचा हे आपण सांगतो, कोन अचूक आला की गुणही देतो. तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि कोणत्या प्रश्नाचे देऊ शकत नाही, हे विचारायचे राहून जाते.

पुढच्या वेळी वृत्तालेखाचा धडा घ्याल तेव्हा कागदाची एक मीटरची पट्टी वर्गात न्या. तीन भाग पाडा, वरचे कोडे घाला. मुलांनी ते सोडवले की पट्टीची दोन टोके जोडून तिचे कडे करा आणि विचारा, आता काय बिघडले? ज्या मुलाला पहिल्या आणि शेवटच्या भागातला तो खोटा सांधा बोट ठेवून दाखवता येईल, त्याला वृत्तालेख समजला असे खुशाल समजा. उद्या त्याच्या हातात कोणाची भरलेली डिस्क आली, तर तो आधी एक रेघ काढेल आणि मगच बटणाला हात लावेल.